सूचना : रविवारपासून लाइनचा दाब वाढणार, जोडण्या तपासून घ्या

सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या रविवारी सकाळी ८ वाजता पाण्याच्या सामायिक लाइनवर नवा पंप सुरू होईल. दाब ४ बारपर्यंत जाईल. शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपली जोडणी तपासावी.

१० मीटर उंचीवरची टाकी साधारण १ बार दाब देते, यावरून फरक लक्षात येईल. घरातल्या नळांना ४ बार चालतो. कोंबड्यांच्या निपल लाइनला (चोच लावली की पाणी देणाऱ्या तोट्यांची नळी) मात्र वीतभर-हातभर उंचीच्या पाण्याचा दाब पुरतो. तिच्यासाठी फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) असलेली छोटी वेगळी टाकी हाच सोपा उपाय.

- गोठ्याच्या फाट्यावर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) बसवा. त्याच्या आधी गाळणी हवी, आणि बाण प्रवाहाच्या दिशेने.

- कॉक अर्धा बंद करून दाब कमी होत नाही. (दर बैठकीत हा वाद निघतो!) पाणी वाहताना तसे वाटते खरे, पण सगळे नळ बंद झाले की पलीकडे पूर्ण दाब चढतो आणि रात्रभर फ्लोट व्हॉल्व्ह गळत राहतो. म्हणून गेजवरचा (दाब मोजायच्या मीटरवरचा) आकडा नळ बंद ठेवूनही पाहा.

- हौदातले पाणी उलटे घराच्या लाइनमध्ये येऊ नये यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. शिवाय हौदात पडणारी तोटी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

- गीझरचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह चालू आहे ना, बघा.

ज्यांच्याकडे गेज नाही त्यांनी शनिवारी सकाळी पंपघरातून न्यावा व दुपारपर्यंत परत करावा. काम अपुरे असल्यास आपला मुख्य कॉक रविवारी बंद ठेवून पंपघरात तसे कळवावे.