वजनाचे आकडे कशाला?

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील किशोर कादंबऱ्या आणि खाण्याचे विकार यांवरील लेख वाचला. अशा पुस्तकांमुळे विषयावरचे मौन सुटते, हे मान्य. पण नायिकेचे वजन, कॅलरी, उलटी लपवण्याच्या युक्त्या कथेला हव्यातच कशाला? आजारी मुलगी नेमके तेच टिपून घेते. शिवाय नायिका नेहमी हाडांचा सापळा! बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकण्याच्या विकारात, वजन बहुधा सामान्यच असते; वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडते, ते अंगावर दिसत नाही.

शेवटी ती पोटभर जेवली की बरी झाली, हे तर धोक्याचेच. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट दिल्यास रक्तातील फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकते; म्हणून रक्ततपासण्या करत आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. पुढे महिनोन्‌महिने आईवडिलांनी रोजच्या प्रत्येक जेवणाला शेजारी बसायचे. हा कंटाळवाणा भाग कादंबरीत सहसा येतच नाही.

आपल्या खान्देशात 'आज उपास आहे' म्हटले की कळण्याची भाकरी नि ठेच्याचे ताट बिनबोभाट परत जाते. मराठी लेखकांनी तिथून सुरुवात करावी.

– एक वाचक, अमळनेर