खाज नसली तरी औषध लावा, बाबा

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, शेजारी ऐकतील म्हणून तू मधेच विषय बदलतेस. म्हणून लिहून पाठवते.

खरूज झाली म्हणून तू अंबाबाईला जायचं बंद केलंस, हे दादाकडून कळलं आणि फार वाईट वाटलं. आई, यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्याइतकं लख्ख घर अख्ख्या बावड्यात नसेल, तरी खरूज आलीच ना? ती येते अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून. सोनू वसतिगृहातून आला की तुझ्याच कुशीत झोपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञांनी इंग्लंडात शेफील्डला स्वयंसेवकांना खरजेच्या रोग्यांच्या न धुतलेल्या पांघरुणात झोपवून पाहिलं. लागण झाली ती अगदी मोजक्यांना. म्हणजे नुसत्या पांघरुणातून ती सहसा येत नाही.

त्याच प्रयोगांत दिसलेली दुसरी गोष्ट बाबांसाठी. पहिल्यांदा खरूज होणाऱ्याला जवळजवळ महिनाभर खाजच सुटत नाही. पूर्वी होऊन गेलेल्याला मात्र एका दिवसात सुटते. असं का? खरूज होते ती एका बारीक किड्यामुळे. त्याची मादी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तिची लाळ, विष्ठा, अंडी परकी आहेत हे ओळखायला शरीराला चार-सहा आठवडे लागतात. ओळख पटली की रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, तिथे धावतात, कातडी लाल होते, पुरळ उठतं, रात्रभर झोप लागत नाही. सगळ्या अंगावर मोठे किडे असतात दहा-पंधरा. एवढी खाज आपल्याच प्रतिकारशक्तीची असते.

म्हणून बाबा, ‘मला काही होत नाही, मला कशाला औषध’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तुमचे ते आठवडे अजून भरले नसतील. शिवाय वय आहे, आणि संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. खाज नाही, खाजवणं नाही, आणि किडे मात्र वाढत राहतात. क्वचित ते हजारो-लाखोंवर जातात आणि कातडीवर जाड खपल्या धरतात. तेव्हा शरीर गप्प बसलेलं नसतं, रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं भरमसाट वाढतात, पण त्यांनी किडे हटत नाहीत. अशा माणसापासून घरादाराला लागण होते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, त्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

आई, दुकानातून आणलेली ती ट्यूब टाकून दे. तिच्यात स्टिरॉइड आहे. लाली जाते, खाज दबते, किडे जिवंत राहतात.

डॉक्टरांनी दिलेलं पर्मेथ्रिन एकाच रात्री सगळ्यांनी लावायचं: तुम्ही दोघं, दादा, वहिनी, सोनू. गळ्यापासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला; बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, नखांखालीसुद्धा. आठ ते चौदा तास ठेवून मग अंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. वयस्कर माणसांनी डोक्यालाही लावायचं का, ते डॉक्टरांना विचारा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. धुता येत नाही ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहील. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, आणि शरीर त्यांच्यावर चिडलेलंच असतं. तेव्हा घाबरून रोज रोज औषध चोपडू नकोस, आई, कातडी सोलून निघेल. महिन्यानंतरही खाज थांबली नाही, किंवा नवं पुरळ दिसलं, तर पुन्हा दाखवायचं.

शनिवारी दादा बाबांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. बाबा, चालू गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि स्टिरॉइडचं आधीच सांगा. काय म्हणाले ते आई, तू मला रात्री फोनवर सांग, आणि शेजारी ऐकले तरी ऐकू देत.

तुमची लेक