तिलावावरचे आमचे दोघे

राजापूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी नैरोबीला बदली झाल्याचं कळलं आणि फार दिवस मनात असलेलं एक काम तुलाच सांगावं असं वाटलं.

आमच्या काकीआजीचे यजमान अण्णा बोटीवर गेले, एवढं तुला ठाऊक आहे. आपल्याकडे बोट बुडाली म्हटलं की ती रामदासच. पण रामदास १९४७ च्या जुलैत रेवसला जाताना बुडाली. अण्णा गेले ते त्याआधी पाच वर्षं, ऐन महायुद्धात, 'तिलावा'वर.

अण्णा तिकडे केनियात रेल्वेत कारकून होते. रजा संपवून परत जाताना काकीच्या धाकट्या भावाला कुठेतरी चिकटवून देऊ म्हणून बरोबर घेतलं. २० नोव्हेंबर १९४२ ला तिलावा मुंबईहून मोम्बासा आणि पुढे डर्बनसाठी सुटली. २३ तारखेला रात्री दोनच्या सुमारास, सेशेल्स बेटं अजून शेकडो मैल लांब असताना, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, आणि मला तेच जास्त छळतं. बोट तरतेय असं बघून होड्यांत उतरलेली काही माणसं पुन्हा वर चढली, आणि मग दुसरा टॉर्पेडो बसला. ९५८ माणसांतली २८० गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दोन दिवसांनी बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचललं आणि २७ ला मुंबईत आणलं. त्यांत आमचे दोघे नव्हते.

काकीने ते मानलंच नाही. एवढी माणसं वाचली, तर त्यांनाही दुसऱ्या कुठल्या बोटीने उचललं असेल, लढाई संपली की येतील, असं म्हणायची. बारा वर्षं कुंकू लावत राहिली. तिची मेणाची डबी मी पाहिली आहे. आतल्या मेणाला बोटाचा खळगा पडलेला, कडेला पिंजर चिकटून काळी झालेली. १९५४ साली भटजींनी पालाशविधी करायला लावला. पळसाच्या पानांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी दिला तेव्हा काकी नवऱ्यासाठी नाही, भावाचं नाव घेऊन रडली, असं आजी सांगायची. त्याला न्या म्हणून अण्णांच्या मागे तीच लागली होती.

त्या बोटीत चांदीही होती, २३६४ लगडी. २०१७ साली अडीच किलोमीटर खोल पाण्यातून ती वर काढली. ती कुणाची यावर भांडण पार ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२४ साली निकाल लागला. ते वाचून मला झोप आली नाही. चांदीची लगड न लगड मोजलेली, आणि आमच्या घरात त्या दोघांचा म्हणून एक कागद नाही.

म्हणून तुला गळ घालतोय. नैरोबीत रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या नोकरांच्या नोंदी बघायला मिळतात का, एवढं विचार. अण्णांचं पूर्ण नाव वेगळ्या कागदावर लिहून जोडलंय, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी दिलंय. मामाआजोबा, म्हणजे काकीचा तो भाऊ, तिथे पोचलेच नाहीत, पण अण्णांनी त्यांच्यासाठी आधी अर्ज टाकला असेल, तर तोही सापडेल. त्यांचं नावही खाली लिहिलंय.

पितृपक्षातल्या घातचतुर्दशीला आम्ही दोघांचंही पान वाढतो, काकीनेच तसं सांगून ठेवलं होतं. जमलं तर त्याआधी कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दादू