यहूदाचं शेत कोणाच्या नावावर?

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. यहूदाच्या मरणाचे बायबलमधले दोन उतारे समोरासमोर लिहून तू विचारलंस, "यातलं खोटं कोणतं?" वेचणी चालू असल्याने दिवसा सवड नाही, म्हणून रात्री लिहायला बसलो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, २७व्या अध्यायात, येशूला धरून देणारा शिष्य यहूदा पस्तावतो, त्याबद्दल मिळालेली चांदीची ३० नाणी मंदिरात फेकतो आणि गळफास घेतो. त्या पैशांतून मुख्य याजक कुंभाराचं शेत घेतात, परक्यांना पुरायला. लूकने लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांत, पहिल्याच अध्यायात, शेत खुद्द यहूदा घेतो, तोंडघशी पडतो आणि त्याची आतडी बाहेर येतात. फेरफार कोणाच्या नावे झाला, इथपासून दोघांचं जुळत नाही.

आपल्याला लहानपणी सांगायचे, दोर तुटला आणि मग तो पडला. पण दोर तुटल्याचं मत्तय लिहीत नाही, अन् लूक तर दोराचं नावही काढत नाही. दोघांना खरं ठरवायच्या नादात आपण दोघांनीही न सांगितलेली तिसरीच गोष्ट रचतो. मला ते पटत नाही. मत्तयाकडे यहूदा पाप कबूल करायला जातो, आणि याजक म्हणतात, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. लगेच पुढच्या वचनात फास. आपल्या जिल्ह्यात राहून ते उत्तर मला ओलांडून पुढे जाता येत नाही. लूककडे पश्चात्ताप नाही, अधर्माची मजुरी आहे आणि बारा शिष्यांमधली रिकामी झालेली जागा आहे. दोन्ही शिवून एक केलं की दोन्हींची धार जाते.

एकच सलग पुस्तक करायचं कोणाला सुचलं नव्हतं असंही नाही. इ.स. १७०च्या सुमारास तातियान नावाच्या लेखकाने येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं गुंफून एक केलं. सिरियाकडच्या मंडळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. पाचव्या शतकात थिओडोरेट बिशपाने त्याच्या २०० हून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि चार वेगळी शुभवर्तमानं परत दिली. विसंगती त्यांनाही दिसत होत्याच की! तरी त्यांनी चार साक्षी ठेवल्या.

अशीच विसंगती जुन्या करारातही आहे. दावीद राजाने खळं ५० शेकेल (जुनं वजन) चांदीला घेतलं की ६०० शेकेल सोन्याला, यावर मी डोकं शिणवत नाही. खळं वेगळं, सगळी जागा वेगळी, असं म्हणतात, असेल. माझं अडतं ते त्याच अध्यायांच्या सुरुवातीला. शिरगणतीला दावीदाला चिथावलं कोणी? २ शमुवेलाचा २४वा अध्याय म्हणतो परमेश्वराच्या कोपाने, १ इतिहासाचा २१वा म्हणतो सैतानाने. हा आकड्यांचा घोळ नाही, देव कसा आहे याचाच प्रश्न आहे.

पण एवढ्यावरून उपासनेला जाणं सोडू नकोस. हे प्रश्न घेऊनच जा, पाळकसाहेबांना विचार. नाताळला गावी येशील तेव्हा हे दोन अध्याय वाचून ये. त्यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझाच,
मित्र