गाडीचा पंखा खोलून दाखवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

काका, नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानले होते, पण तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीखाली होता आणि "जा बाप्पा, माल सडते तुहा" म्हणून मला पिटाळलंत. म्हणून हे लिहून, सगळ्यांसमोर. नागपुरात वाडी ते कळमना बाजार पिकअप चालवणारी माझ्यासारखी बरीच पोरं हे वाचतील, त्यांच्याही कामी येईल.

कोंढाळीकडून कांदा भरून यायचो तेव्हा बाजारगावपर्यंत गाडी ठणठणीत असायची. वाडीच्या ट्रॅफिक जाममध्ये शिरलो की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर. बाजूला लावायची, थंड व्हायची वाट बघायची, पुन्हा निघायचं. एका गॅरेजात रेडिएटरच बदलायला सांगितला. दुसरीकडे म्हणाले थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेक, कटकटच नको. बाकी सगळ्यांचं उत्तर एकच, ऊन आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेलं हे शहर, इथे गाडी तापली की उन्हावर ढकलणं सोपंच असतं.

तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नव्हता. पहिलं विचारलंत, "काटा उभ्या गाडीत चढते का धावत्या?" मी म्हटलं, उभ्या. हायवेला लागलो की आपोआप उतरतो. "मंग रेडिएटर कायले बदलतं?" धावत्या गाडीत समोरून वारा मिळतो आणि पाणी थंड होतं, म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय. उभ्या गाडीत तो वारा पंख्याने ओढायचा असतो. त्या एका प्रश्नाने माझे रेडिएटरचे पैसे वाचले, काका.

मग गरम इंजिन बंद करून तुम्ही पंख्याला बोटाने टिचकी दिलीत. तो गरगर फिरत राहिला. इंजिन तापलेलं असताना तो जड लागायला हवा, हे तेव्हा कळलं. पंखा पुलीला जोडणारा जो गोल डबा, म्हणजे पंख्याचा क्लच, त्याच्या तोंडाशी तेलकट, धूळ चिकटलेलं काळं कडं होतं, त्यावरून अंगठा फिरवून मला दाखवलात. आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. रेडिएटरकडून गरम हवा आली की समोरची धातूची पट्टी वाकते, तेलाला वाट मिळते आणि पंखा पुलीबरोबर जोरात फिरतो. माझ्या क्लचमधलं तेल गळून गेलं होतं. पुली फिरत होती, पंखा नुसता मागे रेंगाळत होता.

खोलायची मला घाई होती, तुम्हाला नव्हती. "थंडी होऊ दे आधी." रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे तुम्ही तुमच्या हाताखालच्या पोरालाही पुन्हा बजावलंत. मग बॅटरीची तार काढली, पंख्याभोवतीच्या कवचाचे बोल्ट सोडून ते मागे सरकवलं आणि रेडिएटरच्या जाळीसमोर जाड पुठ्ठा उभा केला. पाना निसटला तर जाळीत घुसतो आणि चांगला रेडिएटर खरंच बदलावा लागतो. काही गाड्यांत पंखा चार नटांवर असतो, माझ्या गाडीत मधोमध एकच मोठा नट. त्यावर जोर लावण्याआधी तुम्ही मला पंखा कोणत्या बाजूला फिरतो ते बघायला लावलंत. चालत्या इंजिनात नट आपणहून आवळला जावा असे आटे पाडलेले असतात, त्यामुळे काही इंजिनांत ते उलटे येतात. नेहमीच्या सवयीने फिरवला असता तर तो नट मी आणखी आवळला असता. पुली पट्टीने अडवून धरली, पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका, आणि नट सुटला. मग पंखा आणि कवच सोबतच वर काढले, कारण एकेकटं निघत नाही.

पंखा बाजूला झाल्यावर तुम्ही लगेच नवा आणायला नाही पाठवलंत. वॉटर पंपाची पुली धरून हलवून पाहिली, बेअरिंगमध्ये खेळ नाही ना याची खात्री केली. तेवढ्यात शेजारी उभा एक ड्रायव्हर म्हणाला, क्लच बोल्ट मारून जाम करून टाका, नवा घ्यायची गरजच नाही. हा जुगाड अर्ध्या नागपुरात चालतो. तुम्ही सरळ नाही म्हणालात. जाम केलेला पंखा पहाटेच्या गारव्यातही पूर्ण जोराने फिरतो, डिझेल खातो आणि पंपाच्या बेअरिंगवर कायम ताण देतो. थर्मोस्टॅटबद्दलही तेच. तो काढला तर इंजिन हवी तेवढी ऊब धरत नाही, आणि थंड्या डिझेल इंजिनाची झीज जास्त. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर जाम करून दिला असता, पैसे घेतले असते आणि मी खूश होऊन गेलोही असतो. खरे आभार या नकाराचे आहेत.

जुना क्लच नमुन्याला देऊन मला दुकानात पाठवलंत, आणताना उभाच धरायला सांगितलंत, आडवा ठेवला तर आतलं तेल सरकतं म्हणून. बसवताना पाना माझ्या हातात दिलात. मिस्त्री लोक सहसा गिऱ्हाइकाला लांब उभं करतात, तुम्ही मला गाडीच्या तोंडाशी उभं केलंत.

आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे आणि गाडी जाममध्येही शांत उभी राहते. सकाळी सुरू केली की पंखा मिनिटभर मोठ्याने घोंघावतो, मग आवाज बसतो. तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. बेल्ट थोडा चिरलेला दिसतो म्हणाला होता, तो पाऊस लागायच्या आत बदलायला येतो. बेल्ट मी घेऊन येईन, लावायचा कसा ते तेवढं दाखवा.

तुमचा,
कांद्याच्या पिकअपवाला