जड गेली ती अमेरिका

महोदय,

अमेरिकी मिशनऱ्यांच्या मुलांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ही मुलं परमुलखात येऊन ऊन, धूळ, हिवताप यांच्याशी कशी जुळवून घेत, याचं त्यात बरंच कौतुक आहे. लेख मनापासून लिहिलाय, पण भलत्याच टोकाने धरलाय. माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बंगल्यात आया होती आणि मी त्याच आवारातल्या पत्र्याच्या खोलीत वाढले. म्हणून सांगते, या पोरांना इथे जुळवून घ्यायचं कारणच नव्हतं. ती इथे जन्मली, ऊन त्यांना आमच्याइतकंच लागायचं. रुळायला जड गेली ती अमेरिका, आणि त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

बंगल्यातल्या साहेबांची थोरली मुलगी माझ्याच वयाची. आम्ही भावंडं आईला ‘बाई’ म्हणायचो, म्हणून तीही बाईच म्हणायची. स्वतःच्या आईला ममी. साहेबांनी पंडित ठेवून मराठी शिकून घेतलं होतं, तरी ते अखेरपर्यंत व्याकरणाच्या पुस्तकातलं वाटे. पोरीला कुणी शिकवलं नाही. चिंचा पाडताना नि भांडताना तिच्या तोंडून निघायचं ते अस्सल नगरी.

उगाच गोड करून सांगत नाही. बंगल्याला जाळीचा व्हरांडा होता, आमचे पत्रे मार्चपासून तापायचे, आणि हा फरक लहानपणीही कळत होता. पण सातव्या वर्षी आईला सोडून जायची पाळी आमच्यावर आली नाही, तिच्यावर आली. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी कोडाईकनालला १९०१ पासून निवासी शाळा होती. मसुरीची तर त्याहून जुनी, १८५४ ची. नगरची मुलं दौंडला गाडी बदलून मद्रासला, तिथून मीटरगेजने कोडाई रोडला आणि मग घाट चढून वर. जायच्या आधी आमची बाई व्हरांड्यात बसून तिच्या एकूण एक कपड्यावर, मोज्यांवर, टॉवेलवर नावाच्या पट्ट्या शिवत बसे. बाईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, एखादी पट्टी उलटी शिवली जायची. ममी ती उसवायला सांगायच्या आणि थोरली हात आडवा घालायची, “राहू दे, बाईची म्हणून कळंल.” शाळेची मोठी सुटी हिवाळ्यात. ती घरी आली की पहिले काही दिवस मराठी अडखळायचं, मग सुरळीत व्हायचं.

काही वर्षांनी एकदा साहेबांना अमेरिकेला जायला वर्षभराची रजा मिळे. तिकडेही सुख नव्हतं. गावोगावच्या चर्चमधून फिरून मिशनसाठी मदत मिळवायची, आणि त्यासाठी मुलींना साडी नेसवून, मुलांना फेटा बांधून व्यासपीठावर उभं करायचं, मराठी गाणं म्हणायला लावायचं. आता गंमत बघा, इथे ती पोर कधी साडी नेसली नव्हती, आमच्यासारखी फ्रॉकवरच हिंडायची. तिने मला लिहिलं होतं की लोक टाळ्या वाजवतात, पण नंतर माझ्या वयाच्या मुली माझ्या शेजारी बसत नाहीत.

शाळा संपली आणि कॉलेजसाठी ती एकटी अमेरिकेला गेली. आईवडील इथेच. निळ्या एरोग्रामवर पत्रं यायची, मी बाईला वाचून दाखवायचे. तिची खरी अडचण मला तेव्हा नीटशी कळली नव्हती, आता कळते. तिचं तोंड तिथल्यासारखं, इंग्रजी तिथलंच. एखादा विद्यार्थी साडीत किंवा पगडीत गेला असता तर चार लोकांनी त्याला हाताला धरून सगळं दाखवलं असतं. हिला कोण दाखवणार? सार्वजनिक फोनमध्ये नाणं कुठे टाकायचं हे विचारलं की मुली समजायच्या, ही चेष्टा करतेय. टीव्हीवरचे कार्यक्रम माहीत नाहीत, गाडी चालवता येत नाही, होकार द्यायला मान हलवली तर समोरच्याला नकार वाटतो. धाकट्या भावाचं आणखी वेगळं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. ज्या देशात तो पाहुण्यासारखा जाऊन आला होता, त्या देशाच्या लष्करभरतीसाठी अठरा पूर्ण होताच त्याला नाव नोंदवावं लागलं. बाईने ते पत्र पुन्हा वाचायला लावलं होतं.

आपल्या लेखात नावं आहेत ती मोठ्या माणसांची. वेंगुर्ल्यात १९१९ साली मिशनरी डॉक्टरांच्या घरी जन्मलेले रॉबर्ट गोहीन कोडाईला शिकले, पंधराव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकेला गेले, प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये अमेरिकेचे राजदूत होऊन भारतात आले. १८४७ साली मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम लहानपणीच वडिलांना मुकले, आईबरोबर अमेरिकेत गेले, आणि १८७४ मध्ये थेट आमच्या नगरला परतले. खरंच थोर माणसं. पण ज्यांना असं परतायची संधी मिळाली नाही त्यांचं काय? रूथ हिल यूसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतातच राहून इथल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हटलं. इतक्या लवकर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, तेही आपल्याच मुलखात बसून.

कायदाही बघा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेलं मूल, परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं आणि असे एकदोन अपवाद सोडले तर, जन्मानेच भारतीय. म्हणजे थोरली जन्मली तेव्हा कागदोपत्रीसुद्धा इथलीच होती. काही वर्षांपूर्वी ती आली ती मात्र पर्यटक व्हिसावर. जन्मगाव बघायला. आवाराचा काहीतरी वाद कोर्टात आहे, फाटकाला कुलूप. वॉचमनची बायको माझी विद्यार्थिनी निघाली, म्हणून मला आत सोडलं. थोरली बाहेर रिक्षात बसून राहिली. “बाहेरच्यांना परवानगी नाही,” असं सांगितलं गेलं. तिच्या धाकट्या बहिणीची कबर आत आहे, हे मी वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, वरून लेखी आणा.

ते लेखी कुणाकडून आणायचं हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र. मिशनच्या जुन्या मालमत्ता ज्या संस्थांच्या ताब्यात आहेत त्यांनी महिन्यातला एक दिवस ठरवावा आणि बाप्तिस्म्याची, दफनाची रजिस्टरं नि कबरस्तान पाहू द्यावं. जमिनीचे वाद चालू राहू देत, रजिस्टर बघितल्याने कुणाचा सातबारा बदलत नाही. रजिस्टरांना वाळवी लागायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवले तर आणखी बरं. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक ते काम फुकट करतील.

आणि पुरवणीला यावर पुन्हा लिहायचं असेल, तर या पिढीतल्या माणसांना फोन करा. सत्तरी ओलांडली आहे सगळ्यांनी. मराठीत बोलतील, सुरुवातीला थोडा वेळ द्यावा लागेल.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर