रतनगड-सांधण ‘एका दिवसात’ छापू नका

महोदय,

पावसाळी सहलींच्या पुरवण्यांत रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी ‘भंडारदऱ्याजवळ’ एवढ्यावर आटोपते. रतनगड किल्ला, सांधणची अरुंद घळ आणि घाटघरचा कडा एका दिवसात उरकण्याचा बेत मात्र ठळक चौकटीत येतो. जुलै-ऑगस्टात तो जमत नाही.

मुळात भंडारदरा हे एकच ठिकाण नव्हे. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयाभोवती वाड्यांचे कडे आहे. धरणाजवळच्या शेंडी गावाहून दक्षिण काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. उत्तर काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. दोन्ही रस्ते सांधणजवळच्या साम्रद गावाकडे जुळतात. पावसात हा फेरा गाडीने मारायलाच निम्मा दिवस जातो, आणि घाटघरच्या कड्यावर बहुधा धुकेच पाहायला मिळते.

रतनवाडीतून रतनगड चढायला अडीच-तीन तास. सुरुवातीलाच प्रवरेचा ओढा ओलांडावा लागतो, तोही एकदाच नव्हे. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी डोंगरावर पाऊस झाला की दुपारपर्यंत कमरेला लागते. माणसे अडकतात ती उतरताना. पुढे जंगलात वाट फुटते. सरळ जाते ती कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेला; गडावर नेणारी शिड्यांची वाट उजवीकडची. धुक्यात हा फाटा सहज निसटतो. शिड्यांवर एका वेळी एकाच बाजूची माणसे जाऊ शकतात, त्यामुळे रविवारी चढणारे-उतरणारे दोघेही तिथे खोळंबतात. मग कोणीतरी त्र्यंबक दरवाजाने उतरायचे सुचवतो. तिथल्या कातळातल्या पायऱ्या उंच, वर शेवाळ. आणि ती वाट उतरते साम्रदला. गाडी राहते रतनवाडीत!

सांधणचा तर पावसाळ्यात विचारच नको. ती घळ पाण्याचीच वाट आहे. पाणी चढले तर दोन्ही बाजूंना उभे कातळ, सरकायला जागा नाही. वरून दगडही सुटतात. पाऊस संपला तरी आतली डबकी लगेच आटत नाहीत.

पावसात एवढ्या लांब यायचेच असेल तर रतनवाडीतले अमृतेश्वराचे देऊळ सावकाश पाहावे. कोरीव खांब आहेत, कोनाड्यांतल्या मूर्तींची पायऱ्यांची पुष्करणी आहे. गाभाऱ्यात पाणी चढून पिंडी बुडालेली असते, ही गोष्ट पुरवणीत कधी नसते. जेवण गावातच सांगावे, मात्र गड चढायला निघण्याआधी. उतरल्यावर सांगितले तर चूल पेटण्यापासून सुरुवात.

पुढच्या पुरवणीत साधा नकाशा द्यावा, त्यात कात्राबाईचा फाटा दाखवावा आणि सांधणपुढे ‘डिसेंबरनंतर’ असे छापावे, ही विनंती.

– एक वाचक, ता. अकोले